दीड पुरुष पाणी

संक्रांतीनंतरचा मंगळवार. सकाळी साडेनऊ. नदीकाठ.

हजर: ड्रोनवाले सर एक. त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर एक, पण ते गाडीतच झोपून राहिले म्हणून धरले नाहीत. सरपंचांचे पती एक. सरपंचबाई स्वतः घरी होत्या, पण पती आले की सरपंच आले असं धरायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि त्यांना ‘सरपंचसाहेब’ म्हणायचीही. चप्पूवाले मामा एक. आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस, ज्यांना लेकरांपासून सरपंचसाहेबांपर्यंत सगळे मावशी म्हणतात, त्या एक. अंगणवाडी सेविका, म्हणजे मी, एक. म्हशी सात, पाण्यात.

ही हजेरी मला कुणी घ्यायला सांगितली नव्हती. पण वीस-बावीस वर्षं रोज सकाळी लेकरं मोजायची सवय झाली की माणूस कुठंही गेलं तरी आधी डोकी मोजतं. लग्नात मी पंगत मोजते. मयतीलाही मोजते, फक्त बोलत नाही.

आमची नदी तशी लहान. पुढं जाऊन गोदावरीला मिळते. माझ्या लग्नाच्या वेळी ती उन्हाळ्यात चालत ओलांडता यायची. मग गोदावरीवर बंधारा झाला आणि त्याचा फुगवटा मागं सरकत आमच्या नदीत येऊन बसला. पाणी आलं, ऊस आला, आणि पलीकडची वस्ती पलीकडंच राहिली. कागदावर ती आमच्याच गावात आहे. रस्त्यानं यायचं तर घनसावंगीच्या रस्त्याला लागून दोन जीपा बदलायच्या, दीड तास. नदीतून यायचं तर दहा मिनिटं.

मावशी त्या वस्तीवर राहतात आणि रोज नदीतून येतात. थर्माकोलचे तुकडे पोत्यांत भरायचे, पोती एकमेकांना बांधायची, वर दोन फळ्या टाकायच्या, की चप्पू झाला. दोन्ही काठांच्या झाडांना एक दोरी बांधलेली आहे, ती धरून मामा चप्पू ओढत नेतात. मावशींना पोहता येत नाही. त्या मधोमध बसतात, दोन्ही हातांनी फळी धरतात आणि डोळे मिटतात. काठाला लागल्यावर मामा “उतरा” म्हणतात, तेव्हा उघडतात. मामा कधीकधी मुद्दाम उशिरा म्हणतात.

मागच्या पावसाळ्यात दोरी तुटली. चप्पू वाहत जाऊन खालच्या बाभळीत अडकला आणि मावशी तासभर बाभळीला मिठी मारून बसल्या. हातात काटे गेले ते मी सुईनं काढले. दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर कामावर आल्या, खिचडीचं पातेलं चुलीवर चढवलं, आणि मग मला म्हणाल्या, “बाई, पुढल्या साली मी रिटायर होते. त्याच्या आधी येकडाव पायानं चालत नदी वलांडून कामावर यायचंय. येकच डाव. मंग पूल ऱ्हावो का वाहून जावो.”

मी ते लगेच वहीत लिहिलं: पायी पूल, मावशी रिटायर व्हायच्या आत. मग ग्रामसभेत अर्ज, तालुक्याला अर्ज, जिल्ह्याला अर्ज, आणि प्रत्येक अर्जाची पोच. पोचपावत्यांची फाईल चांगली जाड झाल्यावर उत्तर आलं की पूल मंजूर करण्याआधी नदीची खोली आधुनिक पद्धतीनं मोजली जाईल. म्हणून हा मंगळवार.

ड्रोनवाले सर पुण्याकडचे होते. वय तिशीच्या आसपास, बोलणं नम्र, बूट पांढरे. त्यांनी ड्रोन पेटीतून काढला, चटईवर ठेवला आणि आम्हाला समजावून सांगितलं. वरून शेकडो फोटो निघतात. पाणी उथळ असलं की तळ दिसतो, रंग फिका असतो. खोल गेलं की रंग गडद होत जातो. एकाच जागेचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतले की कॉम्प्युटर हिशेब करून खोलीचा नकाशा काढतो. कुणाला पाण्यात उतरायची गरज नाही.

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. हातात सरपंचसाहेबांनी मागवलेला चहा होता. कप सरांसमोर धरून ते म्हणाले, “मंग सायेब, ह्यो कप किती खोल हाय?”

सर हसले. “चहा गढूळ आहे, मामा. तळ दिसला पाहिजे.”

“बराबर,” मामा म्हणाले, आणि नदीकडं बघत चहा प्यायले.

त्या वेळी नदी खरंच निवळ होती, हे मी सरांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. काठाजवळची खडी दिसत होती. मग ड्रोन उडाला. म्हशींनी असला पक्षी पाहिलेला नव्हता. तो भणभणत त्यांच्या डोक्यावर आला तशा सातही म्हशी एकदम उठल्या, आणि बाहेर पळायच्या ऐवजी आडव्या, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, चिखल तुडवत निघाल्या. एक तर दोरीत अडकून पुन्हा मागं फिरली. दहा मिनिटांत नदीचा मामांच्या हातातला चहा झाला.

“थांबायचं का सर?” मी विचारलं.

सरांनी घड्याळ पाहिलं. दुपारी त्यांना दुसऱ्या तालुक्यात दुसरी नदी होती. “होईल ॲडजस्ट,” ते म्हणाले. “शिवाय आपण पडताळणी घेणारच आहोत.”

पडताळणी म्हणजे काय, तर कॉम्प्युटर बरोबर सांगतोय की नाही हे बघायला बारा ठिकाणी खरोखर खोली मोजायची. म्हणजे पाण्यात उतरायचं. त्यासाठी सरांकडं आकडे रंगवलेली ॲल्युमिनियमची काठी होती. ती लॉजवर राहिली होती. तेव्हा मग सगळ्यांनी मामांच्या बांबूकडं पाहिलं.

मामांचा बांबू चांगला उंच, पण त्यावर आकडा एकही नाही. त्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती. बांबू तळाला टेकवायचा, वर काढायचा, ओल कुठवर आली ते आपल्या अंगाला लावून बघायचं. घोटा, गुडघा, कंबर, छाती. त्याच्या वर पुरुष. हात वर करून उभा राहिलेला माणूस जिथं संपतो तेवढं एक पुरुष पाणी. आमच्याकडं विहिरी अशाच मोजतात; पाच पुरुष विहीर म्हटलं की कुणी मीटर विचारत नाही.

ठरलं असं: मामा चप्पू घेऊन जातील, ठिकाणाठिकाणावर बांबू टाकतील आणि ओरडतील. मी काठावर लिहीन. सर लॅपटॉप बघतील. सरपंचसाहेब फोटो काढतील; त्यांनी ड्रोनबरोबर स्वतःचे काढले.

कागद माझ्याकडं नेहमी असतात. त्या दिवशी पिशवीत कुटुंब पाहणीचे छापील तक्ते होते. रकाने: अनुक्रमांक, ठिकाण, पुरुष, स्त्री, बालके, शेरा. आखलेला कागद असताना कोऱ्या कागदावर लिहायचं माझ्या हातून होत नाही. शिवाय ‘पुरुष’ असा रकाना आयताच होता. मला आठवतंय, त्याचा मला आनंदही झाला.

“पयलं!” मामा ओरडले. “कमरंइतकं!”

मी अर्धा पुरुष लिहिला.

“दुसरं! तेवढंच!... तिसरं, येक पुरुस! चौथं बी येक!... पाचवं, दीड पुरुस!”

“मामा, तुमचा पुरुस का माझा?” सरपंचसाहेब ओरडले. ते मामांपेक्षा वीतभर उंच आहेत.

“तुमचा धरला तर नदी उथळ व्हईल, सायेब!”

सातवं, आठवं दोन-दोन पुरुष. नववं ठिकाण वस्तीच्या बाजूला, जिथं नदीची जुनी धार होती तिथं. मामांनी बांबू टाकला. आणखी टाकला. वाकले, खांद्यापर्यंत हात पाण्यात गेला. चप्पू डुलायला लागला. मावशी माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. कोरड्या जमिनीवर उभ्या राहून.

“बांबू पुरंना!” मामा ओरडले.

मी ‘पुरुष’ रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं: बांबू पुरला नाही.

बारा ठिकाणं झाली. मी खाली सही केली, तारीख घातली, सरांनी तक्त्याचा फोटो घेतला आणि मूळ कागद फाईलमध्ये लावला. जाताना म्हणाले, “मॅडम, तुमचं रेकॉर्ड फार नीट असतं.” मी ते खरं मानलं.

पत्र यायला महिना लागला. त्याच्या आधी नकाशा आला, सरपंचसाहेबांच्या फोनवर. ते तो घेऊन थेट अंगणवाडीत आले. नकाशा सुंदर होता. निळा म्हणजे खोल, हिरवा मध्यम, पिवळा उथळ. खाली बंधाऱ्याकडं थोडा निळा होता. आमचं चप्पूचं ठिकाण या काठापासून त्या काठापर्यंत पिकलेल्या आंब्यासारखं पिवळं.

“पिवळं म्हंजी गुडघाभर,” सरपंचसाहेब म्हणाले.

मावशींनी पदरानं हात पुसून फोन हातात घेतला. “ही आपली नदी?”

“हां.”

“गुडघाभर?”

“कॉम्प्युटर सांगून राह्यला, मावशी. मी न्हाई.”

“मंग चला की,” मावशी म्हणाल्या. “आज संध्याकाळी मला घरी पोचवायला चालतच जाऊ. तुमी पुढं व्हा.”

सरपंचसाहेबांनी फोन परत घेतला आणि त्यांना जल्दी आहे असं सांगितलं.

पत्रात शेवटची ओळ अशी होती: प्रस्तावित ठिकाणी पाण्याची खोली गुडघ्याइतकी असून, ये-जा करणारे पुरुष अकरा, बालके सहा व स्त्री निरंक असल्याने पादचारी पुलाची आवश्यकता दिसून येत नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. अकरा पुरुष कुठून आले हे मला पहिल्यांदा कळलं नाही. मग माझ्याकडच्या नकलेवर बोट ठेवून बेरीज केली आणि कळलं. ऑफिसला फोन लावला. तिथले बाबू बोलायला सभ्य होते.

“मॅडम, तक्ता तुमच्याच सहीचा आहे,” ते म्हणाले. “पुरुष रकान्यात आकडे आहेत. आम्ही बेरीज केली.”

“ती खोली आहे, भाऊसाहेब. पुरुष म्हणजे खोली.”

“पुरुष म्हणजे खोली,” त्यांनी लिहून घेत असल्यासारखं म्हटलं.

“आणि बालकं कुठून आली? मी एकही लिहिलं नाही.”

“तुम्ही पाचव्या ठिकाणी दीड पुरुष लिहिलाय. दीड माणूस कसा दाखवणार? अर्धा आम्ही बालकात धरला. असे सहा अर्धे आहेत.”

काम पद्धतशीर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तसंच केलं असतं. पाहणीच्या तक्त्यात अर्धा माणूस मलाही कधी चालला नसता.

“आणि ते नऊ नंबरला,” ते म्हणाले, “‘बांबू पुरला नाही’ असा शेरा आहे. बांबू पुरायला कुणी सांगितलं होतं?”

“पुरायचा नव्हता. कमी पडला. तळ लागला नाही.”

“मग तसं लिहायचं ना, मॅडम.”

संध्याकाळी ड्रोनवाल्या सरांनाही फोन केला. त्यांनी लगेच उचलला आणि मनापासून वाईट वाटल्यासारखं बोलले. गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला तळ दिसत नाही, पाण्यात तरंगणारी मातीच तळ समजली जाते, म्हणून ते ठिकाण ग्राह्य धरू नये असं त्यांनी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं.

“कुठं लिहिलं होतं?”

“शेवटच्या पानावर. सूचना क्रमांक चार.”

पुलाच्या फाईलला फक्त रंगीत पान लावलं होतं. म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. सरांनी सूचना लिहिली होती, बाबूंनी बेरीज बरोबर केली होती, माझी सही ठळक होती, म्हशी तर बिलकुल निर्दोष. आणि सगळं बरोबर होऊन मावशी, ज्या रोज दोनदा ती नदी ओलांडतात, त्या सरकारी कागदात निरंक झाल्या होत्या.

बाबूंनी वाट दाखवली, हे मान्य केलं पाहिजे. महिनाअखेरपर्यंत दुरुस्त तक्ता द्यायचा. खोली मीटरमध्ये. बाराही ठिकाणं, एकही रकाना रिकामा नको, नाहीतर फाईल बंद. आणि स्त्री निरंक लागली होती म्हणून, रोज ये-जा करणाऱ्या एका स्त्रीनं राहिलेल्या नवव्या ठिकाणाच्या मोजणीच्या वेळी प्रत्यक्ष हजर राहून, आकडा बघून सही करायची.

मी यादी केली. पहिलं काम: पुरुषाचे मीटर.

मामांना अंगणवाडीत बोलावलं. लेकरांची उंची मोजायला आमच्या भिंतीवर जिराफ आहे, त्याच्या मानेवर सेंटिमीटर आहेत. मामा चप्पल काढून जिराफाला टेकून उभे राहिले. जिराफ त्यांच्या छातीशी संपला. लेकरं इतकी खूश झाली की खिचडी थांबली.

“मामाचं वजन बी घ्या!” एक ओरडलं.

“मामा कुपोषित हाय का, बाई?” मावशी म्हणाल्या.

“तुमच्या हातची खिचडी खाल्ली तर व्हईन,” मामा म्हणाले.

तेवढ्यात सरपंचसाहेब आले आणि त्यांनी हरकत घेतली. पुरुष म्हणजे नुसती उंची, हात वर करायचा नाही, असं त्यांच्या वडलांनी त्यांना सांगितलं होतं.

“तुमच्या वडलांनी हिर खांदली का खांदून घेतली?” मामांनी विचारलं.

“खांदून घेतली.”

“मंग त्यायनं वरून पाह्यलं. खाली उभा राह्यलेल्याचा हात वरच असतो, सायेब. न्हाईतर मातीची पाटी वर कोन देईल?”

हरकत निकाली निघाली. मामांनी हात वर केला, मी खुर्चीवर चढून बोटाच्या टोकाशी खडूची खूण केली, जिराफाच्या वरचं अंतर टेपनं मोजलं. मामांचा पुरुष दोन मीटर आणि वर चार बोटं. अकरा ठिकाणांचे आकडे मी त्याच दिवशी मीटरमध्ये केले, आणि दुसऱ्या दिवशी मामांबरोबर चप्पूत बसून टेपनं ताडूनही पाहिले. पाण्याची पातळी फार हलली नव्हती. चार बोटांपेक्षा जास्त फरक एकाही ठिकाणी नाही. कॉम्प्युटरला मी ते कळवलेलं नाही.

राहिलं नववं. त्यासाठी सुताची दोरी आणली, हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला वाटायच्या दगडी पाट्याचा तुटका तुकडा बांधला. चप्पूत मामांशिवाय एकच माणूस बसतं. ते माणूस मावशी असायला हवं, कारण रोज ये-जा करणाऱ्या बाई त्या एकट्याच, सही त्यांची लागणार. त्यांनी दोरी सोडायची, दगड टेकला की गाठी मोजायच्या, काठावर येऊन मला सांगायचं. पाच मिनिटांचं काम.

“उद्या जाऊ,” मावशी म्हणाल्या.

उद्या म्हणाल्या, आज वारं आहे. परवा त्यांच्या नातवाला ताप होता. शनिवारी नदी आरशासारखी होती, वारं नाही, ताप उतरलेला. मी दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गुंडाळून परत माझ्या टेबलावर ठेवली.

“मावशी, महिना संपत आला.”

“ठावं हाय.”

“तुमच्याच पुलासाठी आहे.”

त्या तांदूळ निवडत होत्या. मान खाली घालूनच म्हणाल्या, “बाई, तिथं डोळे उघडून बसायचं, खाली बघायचं, गाठी मोजायच्या. किती खोल हाय ते मला कळंल.”

“कळलंच पाहिजे. त्याशिवाय सही कशी?”

“येकडाव कळलं की मी चप्पूत बसायची न्हाई. आता कळत न्हाई म्हनून बसते. पूल काय दुसऱ्या दिशी होतो का? सहा महिने, साल. तवर कामावर कशी येऊ? वरून उडून?”

मी म्हटलं, मग मी आणि मामा मोजून आणतो. तुम्ही काठावर हजर, तेवढं प्रत्यक्ष धरू. सही करताना आकड्यावर हात ठेवते, तुम्ही बघू नका. बावीस वर्षांत मी कुणाची सही झाकलेल्या कागदावर घेतलेली नाही.

मावशींनी एक खडा बाजूला टाकला. “आकडा झाकशील, बाई. तुझं तोंड कशानं झाकशील? तू मोजून आली की तुझ्या तोंडावरच दिसंल मला.”

ते खरं आहे. मला वजनकाट्यावर लेकरू कमी भरलं तरी आईपासून लपवता येत नाही.

आज बुधवार. मुदत शुक्रवारी संपते. दुरुस्त तक्ता तयार आहे, या वेळी कोऱ्या कागदावर, रकाने मी स्वतः आखलेले. ‘खोली, मीटरमध्ये’ असं वर ठळक लिहिलंय आणि पुरुष हा शब्द कुठंही नाही. मामांची सही झाली, माझी झाली. सरांच्या सूचना क्रमांक चारची प्रत जोडली. सकाळी मावशी आल्या, हात धुतले, चूल पेटवली. दोरी टेबलावर आहे. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं पाहिलं, दोघी कामाला लागलो.

ठिकाण क्रमांक नऊ भरायचं आहे.